सात रात्री, पाच माणसं, मोठं जहाज: कॅरिबियन क्रूझ पाच हजार डॉलरमध्ये बसते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं जोडपं, नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, इथेच जन्मलेली आठ वर्षांची मुलगी, आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. आईबाबा पूर्ण शाकाहारी, आईंचे गुडघे दुखतात. फ्लोरिडाहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करायची आहे, जहाज मोठं हवं आणि सगळं मिळून पाच हजार डॉलरच्या आत बसवायचंय. जाहिरातीत माणशी ५४९ डॉलर दिसतात, म्हणजे पाच जणांचे पावणेतीन हजार. मग जाऊन आलेले लोक आठ-नऊ हजार गेले असं का सांगतात?

मी मूळची मालवणची. सात वर्षं अशा जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला होते, आणि गेली अकरा वर्षं फोर्ट लॉडरडेलजवळ राहून हीच तिकिटं काढून देते. त्यामुळे आधी काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगते. क्रूझच्या शेवटच्या रात्री अकरानंतर आमच्यासमोर रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात बिलाचा कागद आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न, 'हे कधी झालं?' जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचं कार्ड टेकवायचं आणि पुढे जायचं. कार्ड टेकवताना हात जड होत नाही, तिथेच सगळी गंमत आहे. रॉयल कॅरिबियनच्या २०२३ च्या हिशेबात सुमारे १३.९ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ४.३ अब्जांच्या आसपास तिकिटाबाहेरचे होते: दारू, कॅसिनो, सहली, इंटरनेट, स्पा, फोटो. म्हणजे दहा रुपयांतले तीन रुपये माणूस जहाजावर चढल्यावर मिळतात. म्हणूनच तिकीट स्वस्त ठेवणं त्यांना परवडतं. रिकामी केबिन काहीच विकत घेत नाही.

यातून आपल्या कामाचं एवढंच, की स्वस्त क्रूझ शोधताना अर्धी मेहनत तारखेवर करायची आणि अर्धी मेहनत चढल्यावर 'नको' म्हणण्यावर. जहाज कुठलं, यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि खरं तर तिथे सगळ्यात कमी घालवला तरी चालतो.

पण त्याच्याही आधी कागदपत्रं, कारण इथे चूक झाली तर धक्क्यावरूनच परत फिरावं लागतं आणि पैसेही मिळत नाहीत. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का चालू आहे का ते आज पाहा. आय-७९७ ची, म्हणजे मंजुरीच्या कागदाची, मुदत वेगळी आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची वेगळी. संपलेल्या शिक्क्यावर महिनाभराच्या आत परत येण्याची जी सवलत सगळे एकमेकांना सांगतात, ती एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांपर्यंत ती एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांनाच मिळते. तुमचं जहाज बहामाजला टेकणार असेल तर शिक्का ताजा हवा. आईबाबांच्या व्हिसावर 'मल्टिपल' लिहिलेलं असल्याची खात्री करा, आणि क्रूझवरून परतल्यावर त्यांचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील असं गृहीत धरू नका. मुलगी अमेरिकन नागरिक आहे, तिला अमेरिकेतल्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझसाठी जन्मदाखला पुरतो. तरी पासपोर्ट घ्याच. कुणी आजारी पडून मध्येच एखाद्या बेटावरून विमानाने परतावं लागलं तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही. भारतीय पासपोर्टवर प्रत्येक बंदराला काय लागतं, हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. फोनवरच्या माणसाचं 'यू शुड बी फाइन' धक्क्यावर कोणी ऐकत नाही.

आता तारीख. कॅरिबियनचे भाव शाळांच्या सुट्ट्यांवर नाचतात. नाताळ-नववर्ष, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, मार्चचा स्प्रिंग ब्रेक आणि जून-जुलै हे महाग. थँक्सगिव्हिंगनंतरचे पहिले दोन आठवडे, जानेवारीचा मधला काळ आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हे स्वस्त. पण तुम्हाला मुलीची शाळा आहे. मग न्यू जर्सीवाल्यांना एक खिडकी उघडी असते, तिच्याकडे फार जणांचं लक्ष नसतं. फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सासच्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडतात, न्यू जर्सीच्या बऱ्याच शाळा मात्र लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार). ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडची पोरं वर्गात बसलेली असतात, जहाजांवर गर्दी कमी असते आणि तुमची मुलगी मोकळी असते. मी माझ्या न्यू जर्सीच्या कुटुंबांना डोळे झाकून हाच आठवडा देते.

डोळे झाकून म्हटलं खरं, पण एक डोळा वादळांवर ठेवावा लागतो. अटलांटिकचा चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास सगळ्यात जास्त. जहाज वादळात शिरत नाही, ते वळसा घालतं. त्यामुळे जिवाला धोका नसतो, बेताला असतो. सेंट थॉमसचं तिकीट काढून मेक्सिकोतल्या कोझुमेलला पोहोचलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, आणि त्याबद्दल हुकलेल्या बंदराच्या करापलीकडे फारसं काही परत मिळत नाही. कधी परतीचं बंदरच बंद असतं आणि दोन दिवस जास्त समुद्रात काढावे लागतात. ऑफिसात पुढच्या सोमवारी सकाळी नऊला मोठी मीटिंग ठेवू नका. बेटाचं नाव महत्त्वाचं असेल तर हा हंगाम तुमचा नाही. तुम्हाला जहाज, समुद्र आणि नातीबरोबर आजीआजोबा हवे आहेत, असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं, म्हणून हा सल्ला.

जहाजाचं बघू. सध्या सगळ्यांच्या तोंडी रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालं, २,४८,६६३ ग्रॉस टन, वीस डेक, खच्चून भरलं तर ७,६०० प्रवासी. सुंदर आहे आणि महाग आहे. त्याच कंपनीची ओॲसिस ऑफ द सीज २००९ ची आणि अल्युअर २०१० ची. या दोन्ही नंतर नूतनीकरण झालेल्या, सव्वादोन लाख टनांच्या पुढच्या, मधोमध खऱ्या झाडांची बाग, बर्फावरचे स्केटिंगचे खेळ, पाण्याचा उघडा रंगमंच, सगळं असलेल्या. तिकीट कित्येकदा आयकॉनच्या निम्म्यावर मिळतं. आठ वर्षांच्या मुलीला पंधरा वर्षं जुनं जहाज आणि नवं जहाज यातला फरक कळत नाही, घसरगुंडी आहे की नाही एवढं कळतं. कार्निव्हलची २०२१ ची मार्डी ग्रा, एमएससीची सीसाइड आणि सीस्केप हीसुद्धा मोठी जहाजं आहेत आणि बरेचदा आणखी स्वस्त पडतात. एमएससीवर मुलांचं भाडं माफ आणि फक्त कर, अशा योजना अधूनमधून येतात, त्या जरूर बघा. माझा नियम असा: नव्या जहाजाची पहिली दोन वर्षं दुसऱ्यांना फिरू द्यावं.

एक गोष्ट बहुतेकांना खटकते: प्रत्येक क्रूझ बहामाज नाहीतर मेक्सिकोला का टेकते? कारण ही जहाजं अमेरिकन नाहीत. बहामाज, पनामा, माल्टा अशा देशांचे झेंडे त्यांच्यावर असतात, आणि १८८६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी नेता येत नाहीत. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, क्रिकेटच्या समालोचनात ऐकलेलं कॅरिबियन या मार्गावर नाही. १९७१ मध्ये गावसकरांनी ज्या मैदानांवर ७७४ धावा केल्या, ती पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन, ब्रिजटाउनची मैदानं फार दक्षिणेला आहेत. फ्लोरिडाहून सात रात्रींत तिथे जाऊन येणं बसत नाही. बार्बाडोस हवं असेल तर पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघणारी क्रूझ शोधावी लागते. माझ्या एका पाहुण्यांनी जहाजावर चढल्यावर मला विचारलं होतं, 'सबिना पार्क कोणत्या दिवशी?' त्यांचा चेहरा अजून आठवतो.

केबिनच्या बाबतीत तुम्हाला दोन इनसाइड केबिन लागतील, एकात तुम्ही तिघं, दुसऱ्यात आईबाबा, समोरासमोर किंवा शेजारी. खिडकी नसलेली, दीडशे ते एकशेऐंशी चौरस फुटांची खोली. अंधार इतका की दुपारी बारा वाजताही मध्यरात्र वाटते. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल आवाज बंद करून लावून ठेवायचा. पहाट झाली की खोलीत पहाट होते. सगळ्यात स्वस्त मिळते ती 'गॅरंटी' केबिन, म्हणजे प्रकार तुमचा, खोलीचा नंबर त्यांच्या मर्जीचा. तरुण जोडप्याला मी ती आनंदाने देते. पण एकदा सत्तरीच्या एका जोडप्याला माणशी ऐंशी डॉलर वाचवायला मीच ती घ्यायला लावली, आणि खोली आली थेट नाइट क्लबच्या खाली. रात्री दोनपर्यंत ढोल, पहाटे पाचला खुर्च्या ओढायचे आवाज. काकू मला काही बोलल्या नाहीत, पुढची ट्रिप दुसऱ्याकडून केली. तेव्हापासून आईवडील बरोबर असले की खोलीचा नंबर निवडूनच घ्यायचा. वरच्या आणि खालच्या डेकवर केबिनच असाव्यात, पूल नको, रेस्टॉरंट नको, थिएटर नको. ही जहाजं तीनशे मीटरहून लांब असतात, म्हणजे आईंच्या गुडघ्यांसाठी जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ. मध्यभागी आणि खालच्या डेकवर डोलणंही कमी जाणवतं. मोठ्या जहाजांना बोट लागण्याचा त्रास मुळात कमीच, तरी साताऱ्याहून आणलेला आलेपाक बंद पाकिटात जवळ असू द्या. मेक्लिझिनच्या गोळ्या इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, पण आईबाबांच्या चालू औषधांबरोबर चालतील का ते डॉक्टरांना विचारून.

बुकिंग शेवटच्या क्षणी करू नका. दोघांसाठी ते जमतं, तिघांच्या केबिनसाठी नाही. लाइफबोटीच्या क्षमतेमुळे तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या जागा मोजक्या असतात आणि लवकर संपतात. सहा-आठ महिने आधी, परत मिळणारी अनामत भरून जागा धरा आणि मग दर आठवड्याला भाव पाहत राहा. पूर्ण पैसे भरायची तारीख निघण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी येते. तोपर्यंत भाव उतरला तर इथल्या बुकिंगवर नवा भाव मागता येतो. मागितला तरच मिळतो, स्वतःहून कोणी फोन करत नाही.

आता तुमचा हिशेब. ऑगस्टअखेर, जुनं पण मोठं जहाज, इनसाइड केबिन. अंदाजाने माणशी ८०० डॉलर, बंदराचे कर धरून. २०२४ च्या जुलैपासून मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या जाहिरातीत कर धरूनच भाव दाखवतात, हे एक बरं झालं. मुलगी तिसरी माणूस म्हणून ५०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या केबिनचे २,१००, आईबाबांच्या केबिनचे १,६००, एकूण ३,७००. टिप माणशी रोज १८ डॉलर धरली (कंपनीनुसार १६ ते २०), तर पाच जणांचे सात दिवसांचे ६३०. झाले ४,३३०. नेवार्क ते फोर्ट लॉडरडेल जाऊन-येऊन माणशी १८० धरा, ९०० गेले. आदल्या रात्रीचं हॉटेल २२०, बंदरापर्यंतच्या गाड्या १३०, विमा २५०, एका फोनपुरतं इंटरनेट १४०, आणि सगळ्या बंदरांवर मिळून २५०. बेरीज ६,२२०. पाच हजारांत बसत नाही, हे सरळ सांगते. जो बसवून देतो म्हणेल तो टिप आणि विमान विसरलेला असेल.

पाच हजारांच्या जवळ यायचं तर एक रस्ता आहे: विमानच काढून टाका. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत दोन बंदरं आहेत, बेयॉनचं केप लिबर्टी आणि ब्रुकलिन. ब्रुकलिनहून एमएससीची मेराविलिया २०२३ पासून बारमाही निघते, १,७१,५९८ टनांचं जहाज, छोटं मुळीच नाही. विमान आणि हॉटेलचे १,१२० वाचतात. बदल्यात जाताना-येताना समुद्रातच दिवस जातात आणि सात रात्रींत तुम्ही साधारण फ्लोरिडा आणि बहामाजपर्यंतच पोहोचता. बहामाज भूगोलाच्या दृष्टीने कॅरिबियन समुद्रात नाहीच, अटलांटिकमध्ये आहे, पण पाण्याचा निळा रंग तोच. ऑगस्टमध्ये हा पर्याय चांगला. जानेवारीत घेऊ नका, पहिले दोन दिवस डेकवर स्वेटर घालून फिरावं लागतं आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या केप हॅटरसजवळ समुद्र चांगलाच हलवतो. आईबाबांना विमानतळावरची धावपळ नको असेल तर मी तुमच्या जागी हेच करेन.

फ्लोरिडाच ठरलं तर मात्र आदल्या दिवशी पोहोचा. क्रूझच्या दिवशी सकाळचं विमान पकडून शंभर-दोनशे डॉलर वाचवणारे लोक असतात, आणि त्यातले काही वादळी पावसामुळे शार्लटच्या विमानतळावर बसून जहाजाचे फोटो इन्स्टाग्रामवर बघतात. जहाज थांबत नाही. तसंच परतीचं विमान दुपारी बारानंतरचं.

विम्याचा मुद्दाही तितकाच पक्का. आईबाबांचा भारतातून किंवा इथून घेतलेला व्हिजिटर विमा अमेरिकेच्या बाहेर, समुद्रात आणि बेटांवर चालतो का ते विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो खाजगी दवाखान्यासारखे पैसे लावतो आणि तिथेच कार्डावर घेतो. हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवावं लागलं तर रक्कम लाखांत जाऊ शकते, डॉलरच्या लाखांत.

चढल्यावर काय नको ते सांगते. दारूचं पॅकेज रोज माणशी ६० ते १०० डॉलर, वर १८-२० टक्के सेवाशुल्क, आणि बहुतेक ठिकाणी एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. रोज सहा-सात पेले रिचवणाऱ्यालाच ते परवडतं. संध्याकाळची एक बिअर हवी असेल तर ती सुटी विकत घ्या. पाणी, सरबत, आइस टी, चहा-कॉफी बुफेमध्ये फुकट असतं. चहा म्हणजे गरम पाणी आणि टी-बॅग, त्याला चहा म्हणायचं की नाही हे आईबाबांनी ठरवावं. इन्स्टंट मसाला चहाची पाकिटं न्या. इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका. किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेच्या तपासणीत काढून घेतात. आमच्याकडे त्या जप्त सामानाचं एक कपाट होतं, त्यात एकदा दोन लिटरचा कुकर आणि सोबत मुगाच्या डाळीची पिशवी होती. नाव लिहिलेलं नव्हतं, पण कुणाकडची ते आम्हाला कळलं होतं. घरी केलेलं जेवणही सहसा चालत नाही, सीलबंद भाकरवडी आणि चिवडा चालतो. बेटावर उतरताना फळं बरोबर नेऊ नका.

शाकाहाराची चिंता लोक करतात तेवढी करू नका, फक्त पहिल्या रात्री हेड वेटरला गाठा. मुख्य डायनिंग रूममध्ये टेबल आणि वेळ एकच घ्या, म्हणजे आठवडाभर वेटर तोच राहतो. कार्निव्हलवर भारतीय शाकाहारी थाळीसारखं रोज मागून मिळतं, बाकीच्या जहाजांवर आदल्या रात्री सांगितलं की वरण, भाजी, भात करून देतात. प्रत्येकाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. 'इंडिया' दिसलं की विचारा गाव कुठलं. गोव्याची, मुंबईची, कोकणातली पोरं स्वयंपाकघरात आणि डायनिंगमध्ये भरपूर आहेत. चार महिने घरचं कोणी न भेटलेल्या पोराशी तुमच्या आई दोन वाक्यं मराठीत बोलल्या, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर लोणचं येतं. ते मेनूवर नसतं.

आणि याच पोरांच्या, बिलात आपोआप लागलेल्या टिपा काउंटरवर येऊन काढून टाकणारे लोक असतात, त्यात आपलेही असतात. नियमाने काढता येतात. पण केबिन आवरणाऱ्या माणसाच्या कमाईचा मोठा भाग तोच असतो, आणि तो दिवसाला दहा-दहा तास काम करत असतो. पैसे वाचवायचे तर फोटो घेऊ नका, स्पा घेऊ नका, कॅसिनोतून वाट काढताना पर्स बंद ठेवा, पण ६३० डॉलर बाजूला काढून आधीच भरून टाका. यावर मी वाद घालत नाही.

बाकीचं भराभर: फोन धक्का सोडण्याआधी एअरप्लेन मोडवर, भारतातलं सिमसुद्धा. समुद्रातल्या मोबाइल टॉवरचं बिल क्रूझपेक्षा लक्षात राहतं. इंटरनेट एकाच फोनचं घ्या, आळीपाळीने वापरा, आणि निघण्याआधी ऑनलाइन घ्या, जहाजावर तेच महाग मिळतं. मुलांचा क्लब रात्री दहापर्यंत फुकट असतो. शोच्या जागा ॲपवर आधी धरा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारात उभी असलेली सॅनिटायझरची बाटली जहाजावरच्या नोरोव्हायरसला पुरत नाही.

बंदरांवरही बऱ्यापैकी पैसे वाचतात. आईंसाठी असा मार्ग घ्या जिथे जहाज थेट धक्क्याला लागतं. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने नेतात, हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघ्यांना सोपं नाही. पूर्वेकडचा मार्ग मिळाला तर सेंट थॉमस अमेरिकेचंच आहे, व्हिसाची भानगड नाही, आणि उघड्या 'सफारी' टॅक्सीत माणशी भाडं देऊन मॅगन्स बेच्या किनाऱ्यावर जाता येतं. सेंट मार्टिनला फिलिप्सबर्गचा किनारा धक्क्यापासून इतका जवळ आहे की सहलीची गरजच नाही, वॉटर टॅक्सीने जा. तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी सराफांची दुकानं आहेत. आईंशी हिंदीत गप्पा होतील, फक्त त्या गप्पा हारापर्यंत जाऊ देऊ नका. सान हुआन मिळालं तर जुनं शहर पायी फिरण्यासारखं आहे, पण चढ आहे, आईंना टॅक्सीने किल्ल्यापर्यंत सोडा आणि उताराने खाली या. कोकोके म्हणजे रॉयल कॅरिबियनचं खाजगी बेट: समुद्रकिनारा, खुर्च्या आणि जेवण फुकट, पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क फार महाग. मुलीला तिथे नेण्याआधी जहाजावरच्या घसरगुंड्यांवर दमवून घ्या.

पश्चिमेकडचा मार्ग घेतलात तर कोझुमेलला घड्याळ सांभाळा. उन्हाळ्यात फ्लोरिडा एक तास पुढे असतं आणि कोझुमेल वर्षभर आपल्या जागी. बेटावर उतरलं की फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज मात्र बहुधा स्वतःच्या वेळेवर चालतं. फोनवर साडेतीन म्हणजे जहाजावर साडेचार. जुलैतल्या एका दुपारी एक कुटुंब हातात सोंब्रेरो घेऊन धक्क्यावर धावत आलं तेव्हा आमच्या दोऱ्या सुटलेल्या होत्या. वरून सगळं जहाज टाळ्या वाजवत होतं आणि मी त्यांच्या केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देण्याचे कागद भरत होते. जहाजाच्या सहलीला गेलात तर उशीर झाला तरी जहाज थांबतं, स्वतः टॅक्सी केली तर थांबत नाही. किनाऱ्यावर स्वतः जा, लांबच्या माया अवशेषांना जायचं तर जहाजाचीच सहल घ्या. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून बाबांच्या हाती द्या, या जबाबदारीवर ते खूश असतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतच तळाशी जातात आणि सकाळी बंदरावरच मिळतात. गुडघ्याच्या गोळ्या, पासपोर्ट, चार्जर आणि उद्याचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा. बाबांचे बूटसुद्धा. दर आठवड्याला एखादे गृहस्थ नाइट सूट आणि जहाजाच्या चपला घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभे असायचे, आणि मागे त्यांची बायको आपली ओळख नसल्यासारखी दुसरीकडे बघत असायची.